आकडेबुवांची सोमवारची सोडत

बस डेपोतल्या कारकुनाला सगळे आकडेबुवा म्हणत. बसचा नंबर, टायरचा नंबर, साहेबांच्या चष्म्याचा नंबर, काहीही विचारा, बुवांच्या जिभेवर तयार. अंगाने माणूस मिटलेल्या छत्रीएवढा. पण अभिमान मात्र उघडलेल्या छत्रीएवढा, आणि तोही एकाच गोष्टीचा. उभ्या नोकरीत त्यांनी कुणालाही झुकतं माप दिलं नव्हतं.

पूर्वी दर सोमवारी बिस्किटांच्या डब्यातून चिठ्ठ्या काढून ड्रायव्हरांना आठवड्याच्या बस वाटत. मग चिठ्ठीला घडी जास्त पडली, डबा नीट हलवला नाही, अशी कुरकुर चाले. ती मिटवायला बुवा संध्याकाळच्या क्लासला जाऊन प्रोग्रामिंग शिकले आणि सोडतीचा प्रोग्राम लिहून मोकळे झाले. मनाला येईल तसे आकडे देणारं फंक्शन भाषेबरोबर तयारच मिळतं हे कळल्यावर तर त्यांना आयतं घर मिळाल्यासारखा आनंद झाला. त्यांनी चाचणीही घेतली. प्रोग्राम सुरू करून दुपारभर बटण दाबत बसले. दर वेळी नवी वाटणी. डबा घरी गेला आणि बायकोने त्यात शर्टांची बटणं भरली.

पहिल्या सोमवारी डेपोतली एकुलती एक नवी बस निघाली बुवांच्या मेव्हण्याला. सख्ख्या. पुढच्या सोमवारीही. त्याच्या पुढच्याही.

सुरुवातीला लोकांनी मेव्हण्याच्या पाठीवर थाप मारली, मग ते त्याच्याकडे पाठ करू लागले. दर वेळी 'खटारा' पदरात पडणारा मिशाळ ड्रायव्हर बुवांच्या खिडकीशी थांबून म्हणायचा, "बुवा, तुमच्या यंत्राला नातीगोती चांगली कळतात हो." शेवटी तक्रार साहेबांकडे गेली. साहेबांनी सांगितलं, "सोमवारी सगळ्यांसमोर खुलासा करा. नाहीतर सोडत दुसऱ्याच्या हातात देतो."

त्यात रविवारी मेव्हणाच घरी येऊन बसला. "भाऊजी, मला नको ती नवी बस. चहाला माझ्या टेबलावर कुणी बसत नाही. मी आणि साखरेची बरणी, दोघेच."

"अरे, मी काहीच केलेलं नाही."

"तेच तर कुणाला पटत नाही."

बायको वाढता वाढता म्हणाली, "याला दर वेळी नवी बस. मग तो खटारा कुणाला मिळतो?"

"मिशाळला."

"दर वेळी?"

"दर वेळी," बुवा म्हणाले, आणि त्यांचा घास हातातच राहिला. सगळा डेपो मेव्हण्याच्या बसकडे डोळे लावून बसला होता; पण प्रत्येकालाच दर सोमवारी आधीच्या सोमवारचीच बस मिळत होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

आता त्यांना क्लासचे मास्तर आठवले. यंत्राकडे नशीब नसतं, ते एका आकड्यावरून पुढचा आकडा काढत जातं. म्हणून सुरुवातीचा आकडा, म्हणजे बी, दर वेळी वेगळं पेरा, असं मास्तर सांगत होते. तेव्हा बुवांचं लक्ष दाराकडे होतं. शेवटची बस चुकली असती.

सोमवारी त्यांनी सगळ्यांसमोर प्रोग्राम सुरू केला. नवी बस मेव्हण्याला. बंद करून परत सुरू केला. मेव्हण्याला. पुन्हा केला, तेव्हा मिशाळने पडद्याकडे न बघताच सगळ्यांच्या बस घडाघडा सांगितल्या. एकही चुकली नाही.

"चाचणीला मी प्रोग्राम बंदच केला नव्हता," बुवा म्हणाले. "म्हणून आकडे पुढे पुढे जात राहिले. इथे तो दर सोमवारी नव्याने सुरू होतो आणि पहिल्यापासून तेच पाढे म्हणतो. बी पेरायचं मी विसरलो."

मिशाळने विचार केला. "म्हणजे तुम्ही लबाड नाही."

"नाही."

"नुसते वेंधळे."

"अगदी," बुवा म्हणाले. त्यांचा जीव असा भांड्यात पडला की आवाज साहेबांनाही ऐकू गेला असावा. वेंधळा म्हटल्यावर इतका प्रसन्न झालेला माणूस डेपोने पाहिला नव्हता.

त्यांनी तिथेच एक ओळ वाढवली: बी घड्याळातल्या वेळेवरून घे. मग सोडत काढली. नवी बस एका भलत्याच ड्रायव्हरला गेली. मिशाळला मधली मिळाली आणि तिच्या सीटबद्दल त्याने लगेच तक्रार केली, तेव्हा सगळं सुरळीत झाल्याची खात्री पटली. खटारा मेव्हण्याला.

चहाला त्याच्या टेबलावर इतकी गर्दी झाली की साखरेच्या बरणीला जागा उरली नाही. मग आचके देत खटारा फाटकाशी आला आणि मेव्हण्याने खिडकीतून डोकं काढलं.

"भाऊजी, दुसरा गिअर पडतच नाही हो."

"मिशाळला विचार," बुवा म्हणाले, "त्याला सवय आहे." मिशाळ चहाचा कप हातात घेऊनच खटाऱ्याकडे निघाला होता.