कल्याणच्या नावाचा बेडका

माझी धाकटी जाऊ रंगुबाई लई संशयी. उसनी साखर परत केली, तरी आधी बोट लावून चाखणार. आमी मीठ मिसळून देनारी मान्सं हाय का?

दिवाळीनंतर आमी ऊसतोडीला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांतला एक आजारी निघाला, तर मुकादम तो कोयता ट्रकात घेतच न्हाई. म्हणून आमच्या पाथर्डीकडं खोकला कुनी दाखवत न्हाई.

यंदा निघायच्या तोंडावर धनश्री आली. पाथर्डीचीच पोर, पुण्याला शिकलेली. तिच्याजवळ डब्याएवढं यंत्र हुतं. म्हणाली, पट्टीवर सोन्याचे कण लावलेत, डोळ्याला न दिसनारे. बेडक्यात टीबीचे जंतू असले की त्यांचा रंग बदलतो, आन् यंत्र उजेड पाडून तो रंग वाचतं. यंत्र अजून पारखायचं चाललंय, म्हणून दवाखान्यातबी परत तपासनी हुनार.

रंगुबाईच्या मनात पाल चुकचुकली. आपल्या थुंकीला सोनं? तेबी फुकट? मुकादमानंच हिला धाडलंय, खोकनारे कोयते वेचून काढायला, असं ती माझ्या कानात बोलली. खरं सांगते, मलाबी तसंच वाटलं. तिचा नवरा कल्याण तर म्हैनाभर खोकत हुता.

खोकनाऱ्यांना धनश्रीनं सकाळच्या बेडक्यासाठी डब्या दिल्या. रंगुबाईनं कल्याणच्या डबीत सोताचाच बेडका टाकला. चुलीच्या धुरानं तिला सकाळी खाकरा यायचा, तेवढ्यावर भागलं. मला हळूच सांगून हसली.

यंत्रात लाल पट्टी निळी पडली. धनश्रीनं दुसरी पट्टी लावली, तीबी निळी. ती कल्याणला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, टीबी दिसतोय. आज दवाखान्यात चला."

कल्याण रंगुबाईकडं वळला. म्हणाला, "तू भावाबरुबर कोयता धर. जा तू."

आता ही यंत्राला शिव्या देनार, असं मला वाटलं. पन बाई डबीकडं बघतच ऱ्हायली. उभ्या गावावर संशय घेतला हुता तिनं, सोताच्या खोकल्यावर कधी न्हाई. गप बसली असती तर ट्रकात चढली असती.

"त्यांस्नी कशाला नेता?" ती म्हणाली. "बेडका माझा हाय."

धनश्रीनं कल्याणला नवी डबी दिली, आन् दोघांनाबी जीपमध्ये बसवलं. मुकादमाचा ट्रक समोरच उभा हुता. रंगुबाईनं तिकडं पाठ केली आन् धनश्रीला इचारलं, "गोळ्या तरी खऱ्या देनार ना?"