ठमीला सुतक नसतं

तान्ह्या पोळ्याचा दिवस होता. सिंदी मेघेच्या आमच्या गल्लीत पोरं लाकडाचे बैल ओढत दारोदार फिरत होती, मी त्यांच्या हातावर खाऊ ठेवत होते, आणि आत फोन वाजला. हिंगणघाटहून वहिनी बोलत होती. "शालूबाई, तुमचे दादा गेले. जेवून निघजा. इथं आल्यावर तुमाले कोणी खाऊ घालणार नाई." एवढं बोलून तिनं फोन ठेवला. आमची वहिनी ही अशी. तिच्या डोक्यावर आभाळ कोसळलेलं, आणि तिला काळजी नणंदेच्या पोटाची! मी काही जेवले नाही, पण ती सांगत होती ते खरं होतं. मौताच्या घरी चूल पेटत नाही, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे नुसते चहावर बसून होतो.

माझा मोठा भाऊ पुरुषोत्तम. मी दादा म्हणायची, गाव पुरुभाऊ म्हणायचं. आमची वडिलांपासूनची तेलघाणी. जवस, तीळ, शेंगदाणा. दादा बोलायला गोड, वागायला हट्टी, आणि एखादी गोष्ट डोक्यात घुसली की ब्रह्मदेव आला तरी काढू शकायचा नाही. मी शाळेत मास्तरीण होते, हट्टी पोरं सरळ करण्यात जन्म गेला, पण घरातलं हे एक पोर माझ्याच्यानं सरळ झालं नाही. आता लिहायला बसले आहे तर वाटतं, बरं झालं नाही झालं ते. नाहीतर ठमी राहिलीच नसती.

ठमी म्हणजे वाफेचं इंजिन. कोणी मोठ्या मेलगाडीचं डोळ्यांपुढे आणू नका. ठेंगणं, गोलमटोल, चार चाकांचं, पोटाच्या मानानं धुराडं जरा जास्तच लांब असलेलं. म्हणून तिचं नाव ठमी. आमच्या घाणीमागे एक जिनिंग-प्रेसिंग होतं. तिथं कापसाच्या गाठी बांधल्या की त्यांचे डबे ढकलत स्टेशनच्या यार्डात न्यायचं काम ठमीचं. नव्वदच्या दशकात ते जिनिंग बंद पडलं. रूळ फाटकाबाहेर उखडले गेले, आत तेवढे राहिले. दादा एकदा जिनिंगच्या मालकांकडे, शेटजींकडे, तेलाचा पिपा द्यायला म्हणून गेलता, तर तिथं कबाडी गॅसकटर घेऊन हजर! ठमीला कापायची तयारी सुरू होती. दादा पिपा तसाच खाली ठेवून शेटजींपुढे उभा राहिला.

"शेटजी, इले कापू नका."

"पुरुभाऊ, तुमच्या कोण्या कामाची आहे ते?"

"कामाची नाई, म्हणून तर म्हणून राह्यलो नं! कामाच्या वस्तूले तर सारेच ठेवतेत."

शेटजी भला माणूस. हसला आणि कबाड्याला वापस पाठवलं. त्या दिवसापासून दर रविवारी दादा ठमीकडे. जुनं धोतर फाडून चिंध्या करायच्या, डब्यात तेल घ्यायचं आणि दुपारपर्यंत तिला पुसत बसायचं. घाणी वहिनीनं सांभाळायची. आम्ही तिला चिडवायचो, "वहिनी, सवत आली तुमच्यावर." ती म्हणायची, "सवत असती तं भांडे तरी घासले असते. हे काय, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!" ती स्वतः तिकडे कधी फिरकलीसुद्धा नाही.

आता यातली खरी गंमत सांगते. गंमत म्हणते, पण दादाच्या जिवावर बेतली होती. आमच्याकडे दारं-खिडक्यांना, बैलगाडीच्या लाकडाला जवसाचं तेल देतात. ते वाळलं की वर पापुद्रा धरतो आणि पाणी आत शिरत नाही. दादानं विचार केला, लाकडाला चालतं ते लोखंडाला का चालणार नाही? आणि चाललं की! पावसाळ्यामागून पावसाळे गेले, पण ठमीच्या अंगावर गंजाचा ठिपका नाही. अशी काळीभोर चमकायची की येणारे-जाणारे थांबून पाहायचे. मग भाऊसाहेबांचा हात सुटला. चाकांच्या बेअरिंगांवर तेल सोडायच्या ज्या छोट्या वाट्या असतात त्यातही जवस, दांड्यांच्या सांध्यांतही जवस, जिथं जिथं भोक दिसेल तिथं जवस. आपल्या घाणीचं, ताजं, पहिल्या धारेचं! बैलगाडीच्या आसाला मात्र आमच्याकडे एरंडीचं तेल लागतं, जवस नाही, हे आमच्या भागात कोणताही गाडीवान झोपेतसुद्धा सांगेल. दादाला ठाऊक नव्हतं असं नाही. तेल तर त्याचं अन्न होतं. पण माया अशी आंधळी असते बघा... घरातलं सगळ्यात चांगलं ते तिला, एवढंच त्याला सुचत होतं.

दोन हजार साल उलटून गेलं, शेटजी वारले आणि जिनिंगची जागा विकली गेली. नवे मालक हायवेवरच्या जाम गावच्या चौकात धंदा करून वर आलेले, रोखठोक गृहस्थ. त्यांना तिथं गोदामं बांधायची होती. दादा त्यांच्याकडे गेला. ते म्हणाले, "पुरुभाऊ, माणसाचा पुतळा असता तं ठेवला असता. मेलेलं इंजिन मी काऊन सांभाळू? चालते का ते?" दादा बोलून गेला, "चालते नं!" मालक म्हणाले, "मंग दसऱ्याले सगळ्याईच्या समोर चालवून दाखवा. जोवर दर दसऱ्याले चालन, तोवर तिची जागा तिची. ज्या साली नाई चालली, त्या साली मले जागा मोकळी करून देजा." मला हा सौदा वाईट वाटला नाही. शब्द सरळ होता, आणि ते पुढे त्या शब्दाला जागलेही.

यादवराव म्हणून ठमीचे जुने ड्रायव्हर होते, त्यांना दादानं घरून बोलावून आणलं. बॉयलर तपासणारे साहेब आले, त्यांनी ठोकून-ठाकून पाहिलं, पाण्याचा दाब देऊन पाहिला आणि बेतानं वाफ धरायची परवानगी दिली. दसऱ्याच्या आधी एकदा करून पाहावं म्हणून एका रविवारी सकाळी पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांवर, जाळ धरला, वर कोळसा घातला. मलाही मुद्दाम बोलावलं होतं. दुपारपर्यंत वाफ झाली. यादवरावांनी दांडा ओढला... ठमी नुसती थरथरली. फुसफुसली. जागची हलेना. त्यांनी आणखी थोडी वाफ दिली तसा एक कर्कश आवाज झाला, चाकं हातभर सरकली आणि चाकांपाशी धूर निघाला. लोक मागे सरले. आणि हवेत वास सुटला तो कोळशाचा नाही, वंगणाचा नाही. नव्या रंगवलेल्या दाराचा! मला काही कळलं नाही, पण दादाचा चेहरा उतरलेला मी पाहिला. तेलवाल्याच्या नाकाला कोण फसवणार? आत जवस वाळून त्याचं वार्निश झालं होतं. प्रत्येक सांधा त्यानं स्वतःच्या हातानं चिकटवून ठेवला होता.

यादवराव उतरून खाली आले, म्हणाले, "जुनी झाली भाऊ, काय करता." ते दादाला वाट काढून देत होते. दादानं ती घेतली नाही. सगळ्यांसमोर म्हणाला, "जुनी-बिनी काई नाई झाली. म्याच जवस पाजलं तिले इतके वर्सं."

मग काय! हिंगणघाटला महिनाभराची करमणूक झाली. "पुरुभाऊनं इंजिनले वार्निश पाजलं," "तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं." घाणीवर येणारं गिऱ्हाईक हसत विचारायचं, "भाऊ, तेल खायचंच आहे नं, का दाराले लावायचं?" दादा हसून डबा भरून द्यायचा. पण घरी आला की ताटावर बसून राहायचा, घास तोंडात जायचा नाही. दसरा तोंडावर आलेला. वहिनीनं हे काही दिवस पाहिलं. मग एका सकाळी घरातला रेशनच्या रॉकेलचा डबा उचलला, शेजारच्या चार बायकांकडून त्यांचंही मागून घेतलं, आणि पहिल्यांदाच जिनिंगच्या फाटकातून आत गेली. डबे दादापुढे आपटून म्हणाली, "घ्या. स्टो पेटणार नाई, चुलीवर करतो मी स्वयंपाक. पण ताटावर रडू नका. मले नाई पाहवत." रॉकेलनं जवस सुटतं, हेही तेलाच्या घरात कोणाला सांगावं लागत नाही! यादवरावांनी एकेक भाग खोलला, दादानं तो भिजवला, खरवडला, पुसला. मदतीला कोणी पुढे आलं की म्हणायचा, "घाण म्या केली, म्याच काढतो." हाताची सालं निघाली त्याच्या. आणि दसऱ्याला ठमी आपल्या पायांनी फाटकापर्यंत गेली, शिटी वाजवली आणि मागे आली. मी साठीला आलेली बाई, पण पोरीसारख्या टाळ्या पिटल्या हो! नव्या मालकांनी स्वतः नारळ फोडला.

तेव्हापासून दर दसऱ्याला हाच सोहळा. गावात सोनं वाटायच्या आधी लोक ठमी पाहायला यायचे. असं बरीच वर्षं चाललं, आणि मग दादाचा आजार आला. शेवटचं भेटले तेव्हा तो पलंगावर उशीला टेकून बसला होता. आवाज उरला नव्हता. इकडचं-तिकडचं झालं, आणि मी निघताना म्हणाला, "शाले, दसऱ्याले येजो बरं." मी म्हटलं, "तू बरा हो, मग येते." 

तेरवी झाली. पाहुणे पांगले. मग विषय निघाला. आमच्यात घरात माणूस गेलं की वर्षभर सण नसतो, आम्ही त्यालाही सुतकच म्हणतो. तोरण नाही, पुरण नाही, सोनं घेणं-देणं नाही. भाऊबंद बसलेले, सगळ्यांचं एकच म्हणणं, यंदा ठमी चालवायची नाही, लोक काय म्हणतील. मालकांचा शब्द सगळ्यांना ठाऊक होता, एक दसरा चुकला की जागा मोकळी. कोणीतरी म्हणालंही, की मालकांना एक साल थांबा म्हणून विनवू. वहिनी इतका वेळ कोपऱ्यात सुपात जवस पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"सण आपल्या घरी नाई, मले कबूल आहे. ठमी आपल्या घरची कोठची? तिले काऊन सुतक लागन?"

आमचे एक चुलतभाऊ म्हणाले, "व्वा वहिनी! अन् पुरुभाऊ जलमभर तिले घरचीच म्हणत होते, ते?"

"ते म्हणत होते. म्या कधी म्हटलं?"

विषय तिथंच मिटला. मला त्या सुतकाच्या घरात हसू फुटलं, पदर तोंडाशी धरावा लागला.

दसऱ्याला वहिनी साध्या लुगड्यात आली. हार नाही, फूल नाही, नारळही तिनं फोडू दिला नाही. नवे मालक एका बाजूला चपला काढून उभे होते. यादवरावांनी सकाळपासून जाळ धरला होता. वाफ झाली, ते वर चढले, दांड्यावर हात ठेवला... आणि ओढेनात. लोक वाट पाहून राह्यले. मग ते खाली वाकून म्हणाले, "वहिनी, भाऊ चाकापाशी पायी चालत. थोडं गेलं का मले थांबवत, बेअरिंगले हात लावून पाहत, तापली का म्हणून. जवसाच्या त्या सालापासून त्याईनं मले एकट्याले कधी जाऊ दिलं नाई. स्वतः कधी वर बसले नाई. आज कोण पाहीन?"

खरंच की. सगळ्या गावाला ठमीवर बसवून फिरवलं त्यानं, मलाही बसवलं, आणि स्वतः आपला बाजूनं पायी. मला वाटायचं, मिरवणुकीची हौस आहे. त्याला धास्ती होती, हे मला तो गेल्यावर कळलं. गर्दीतून कोणी म्हणालं, "मी पाहतो काकू." वहिनीनं तिकडे लक्षही दिलं नाही. पदर कमरेला खोचला आणि जाऊन चाकापाशी उभी राहिली.

ठमी निघाली. वहिनी बाजूनं चालू लागली. फाटकाच्या अलीकडे तिनं हात वर केला, यादवरावांनी थांबवलं. ती वाकली आणि एकेका चाकाशी उलटा हात लावून पाहू लागली. पुऱ्या आजारपणात ती रोज सकाळी दादाच्या कपाळाला असाच उलटा हात लावायची. शेवटी शेवटी ताप आहे की नाही हे आम्हाला सांगायचीही नाही, हात काढून घ्यायची आणि उठून आत जायची. मला ते पाहवेना. मी जवळ जाऊन तिचा खांदा धरला. ती चारही चाकं होईपर्यंत थांबली नाही. मग सरळ झाली, हात लुगड्याला पुसला आणि वर पाहून म्हणाली,

"ताप नाई इले. चालू द्या."