वाजवून न घेतलेला लॅपटॉप

शेवटच्या भेटीत दाजींनी मला एक प्रश्न विचारला आणि मी त्याचं उत्तर दिलं नाही. रविवार होता. सुभानपुऱ्यातल्या त्यांच्या घरी मी सेव-उसळ घेऊन गेलो होतो, ताई पाव आणायला खाली उतरली होती. दाजींनी वाटी बाजूला सरकवली आणि म्हणाले, "सुधीरराव, खरं सांगा. आजारी पडायच्या आधीपासूनच मी मागे वाजवत होतो का? चाळीस वर्षं तुम्ही सगळे मला सांभाळून घेत होतात का?" धाकट्या मेहुण्याला 'राव' लावून चिडवायची त्यांची जुनी सवय, पण त्या दिवशी ते चिडवत नव्हते. मी म्हणालो, "आता कशाला तो विषय, दाजी? उसळ गार होतेय." त्यांनी मान हलवली... आणि वाटी पुन्हा पुढ्यात ओढली. त्यानंतर दोन आठवड्यांनी सकाळीच ताईचा फोन आला. चहा ठेवून ती त्यांना उठवायला गेली होती, ते उठलेच नाहीत. झाला त्याला आता दीड महिना.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचे आजोबा संस्थानच्या घोडदळात होते, वडील कुठल्याशा गोदामावर पहारेकरी आणि हे कारखान्यात फिटर. पण बडोद्यातल्या मराठी भजनी मंडळांत त्यांना कुणी फिटर म्हणून ओळखत नव्हतं. तबल्यावर दाजी बसले की गाणारा निर्धास्त. आवाज फाटो, शब्द विसरो, दाजींचा ठेका जागचा हलायचा नाही. घरीसुद्धा बोटं कधी गप्प नसायची. जेवायच्या टेबलावर, ताटावर, पिठाच्या डब्यावर... ताई करवादायची, "लग्न माझ्याशी केलंत की टेबलाशी?" मला तालातलं ओ की ठो कळत नाही. तरी एकदा लहरीपुऱ्यात तबला घ्यायला ते मला घेऊन गेले होते. दुकानातला एकेक तबला पुढ्यात घ्यायचा, मधल्या काळ्या शाईवर बोट टेकवायचं, कान खाली न्यायचा आणि परत ठेवून द्यायचा. दोन तास! मी उभा राहून राहून वैतागलो. ते म्हणाले, "अहो, वाजवल्याशिवाय कसं घ्यायचं? हा काय भोपळा आहे?"

मग ते दिवस आले. अलकापुरीत काचेची दुकानं वाढत गेली आणि दाजींच्या कारखान्याने अर्ध्या माणसांना स्वेच्छानिवृत्ती दिली, म्हणजे दिली कसली, घ्यायला लावली. त्यानंतर दोन वर्षांनी त्यांना अर्धांगाचा सौम्य झटका आला. बोलणं-चालणं परतलं, उजवा हात पुरता परतला नाही. डॉक्टर म्हणाले, "डोक्याकडून हाताला निरोप जरा उशिरा पोचेल." तबला कपड्यात बांधून माळ्यावर गेला. दाजी रडले नाहीत. म्हणाले, "बोटं गेली तर गेली. लय शाबूत आहे ना? ती काय बोटांत असते?" त्याच सुमारास पुण्याहून त्यांच्या बहिणीने एक छोटा की-बोर्ड पाठवला. त्याला स्वतःचा आवाज नाही, तार लावून तो संगणकाला जोडायचा, मग एका पट्टीवर 'धा', दुसरीवर 'तिं', असे तबल्याचे बोल संगणकातून निघतात. पट्टी नुसती दाबायची, जोर लागत नाही. दाजी पोरासारखे हरखले. डावा हात चांगलाच होता, उजव्याची दोन बोटं चालत होती, एवढ्यावर आपल्या सगळ्या रचना घरच्या घरी बसवून ठेवायच्या असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी लॅपटॉप हवा. आणि घरात संगणकातला शहाणा कोण, तर मी. ऑफिसात पगारपत्रकं काढत होतो, तेवढ्यावर माझा हा रुबाब.

मी आठवडाभर कागद घेऊन मेमरी किती, डिस्क केवढी, वजन किती असले तक्ते करत बसलो. संगीताला काय लागतं हे कुणा वाजवणाऱ्याला विचारावं असं माझ्या टाळक्यात आलंच नाही. अलकापुरीतल्या दुकानात दाजी खांद्याला कापडी पिशवी अडकवून आले, तिच्यात तो की-बोर्ड आणि त्याची सीडी. मी तक्त्यातलं मॉडेल दाखवलं. दाजी दुकानदाराला म्हणाले, "ही सीडी घाला, ही तार लावा. मला जरा वाजवून बघू दे." दुकानदार भला माणूस, लगेच खुर्ची ओढून म्हणाला, "बेसो ने काका, वगाडी जुओ." बसा, वाजवून बघा. पण शेजारीच माझ्या ऑफिसचे साहेब प्रिंटर बघत उभे होते. त्यांच्यासमोर आमचे दाजी पिशवीतून वाद्य काढून मान डोलवत बसणार, या कल्पनेनेच मला घाम फुटला. मी दबक्या आवाजात म्हणालो, "दाजी, लॅपटॉप वाजवून घेत नसतात. पिशवी बंद करा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि पिशवी बंद केली. घरी जाताना खोका मांडीवर घेऊन रिक्षात बसले होते. मला म्हणाले, "तुम्ही निवडलाय म्हणजे चांगलाच असणार."

चौथ्या दिवशी फोन. "सुधीरराव, वाजतंय सगळं, पण मागे पडतंय. मशीन मागे आहे की मी?" मी हसलो. अगदी मोकळेपणाने हसलो हो! म्हणालो, "मशीन कसं मागे पडेल, दाजी? डोळ्याचं पातं लवेपर्यंत लाखो हिशेब करतं ते. तुमचा हात अजून बसायचाय. रियाज करा." पुढच्या महिन्यात पुन्हा फोन, आवाज उतरलेला. "अहो, डावासुद्धा मागे पडतोय." मी घाबरून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी डावा हात वाकवून, पिळून, टोचून पाहिला. म्हणाले, "हा हात ठणठणीत आहे." आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. दाजींनी नाही टाकला. जिन्यात थांबून म्हणाले, "हात ठणठणीत, मशीन ठणठणीत. मग राहिलं कोण?" मी म्हणालो, "वय झालं, दाजी. चालायचंच."

त्यानंतर ते भजनाला नुसते ऐकायलाही गेले नाहीत. मंडळातली माणसं बोलवायला आली तर आतून "बरं नाही" सांगायचे. लॅपटॉपचं नाव काढलं नाही, आम्हीही काढलं नाही, उगाच जखमेला हात कशाला? ताई एकदा म्हणाली, "हल्ली टेबल वाजवत नाहीत रे." मी म्हणालो, "तुझी कटकट संपली म्हणायची." असा मी.

दिवसकार्य उरकल्यावर ताईने तो लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला, "ने हा डबा. मला काय करायचाय?" सहज म्हणून मी त्यांच्या खोलीत बसून चालू केला, तार लावली आणि एक पट्टी दाबली. बोट खाली टेकलं... आणि मग 'धा' वाजला. पुन्हा दाबली. बोट टेकलं... मग 'धा'. अगदी थोडा उशीर, चिमूटभर. पण मला, तालातल्या ठोंब्याला, तो एका पट्टीत कळला. आणि दाजी, ज्यांना सोळा मात्रांत केसाएवढा फरक सहन व्हायचा नाही, ते वर्षभर हे स्वतःच्या माथी घेऊन बसले होते. मांजलपुरात हर्षदभाई म्हणून ओळखीचे एक जण घरी रेकॉर्डिंग करतात. त्यांना तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, "अरे सुधीरभाई, ए तो मशीन मोडुं वागे छे. बधामां थाय." मशीनच उशिरा वाजतं, सगळ्यांचंच वाजतं, पहिल्या दिवशी सगळेच फसतात. एक लहानसा प्रोग्राम घालायचा, एक आकडा कमी करायचा. त्यांनी फोनवर सांगितलं तसं मी केलं. दहा मिनिटं लागली. पट्टी दाबली, बोटाबरोबर 'धा'.

दाजींनी सोडून दिलं होतं असं आम्ही समजत होतो. लॅपटॉपमध्ये त्यांनी साठवलेले तुकडे निघाले, 'तीनताल' नाव देऊन पुढे आकडे. एकशे बारा. ताईला विचारलं तर म्हणाली, "दुपारी मी पडायची तेव्हा दार लावून बसायचे. मला वाटायचं, वाचत असतील." मी एकेक लावून ऐकला. आवर्तन पुरं करून पहिल्या मात्रेवर परत येणं, ती सम, तिथपर्यंत एकही पोचलेला नाही. सात मात्रा, नऊ मात्रा, पुढे अडखळतो, थांबतो. शेवटचा तुकडा आमच्या सेव-उसळीच्या रविवारनंतरचा, त्याच सोमवारचा. त्यात चारच बोल आहेत. धा धिं धिं धा... बस्स.

ताईपासून लपवणं जमलं नाही, सगळं सांगितलं. दुकानातलं, साहेबांचं, पिशवीचं, सगळं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "मग ते चुकत नव्हतेच?" मी म्हणालो, "नाही." ती मग म्हणाली, "त्यांना कोण सांगणार आता?" आणि उठून पानं घेतली.

आम्ही दोघं जेवायला बसलो. त्यांच्या जागेसमोर टेबलाचा सनमायका अजूनही पांढुरका झालेला आहे, बोटांनी घासून घासून. त्या वर्षात त्यांनी तिथे एकदा जरी ठेका धरला असता, तर खोटं कोण ते त्यांना तिथल्या तिथे कळलं असतं. पण तोवर आम्ही त्यांना पटवून दिलं होतं. मी हात पुढे करून त्या जागी एक टिचकी मारली. लगेच वाजली. पुन्हा मारणार, तोच ताईने माझा हात धरला आणि खाली ठेवला.