ती गल्ली आमच्याच हद्दीत होती

हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आज तुम्हाला सांगते — पण जरा अडखळत सांगेन.

नव्वदच्या दशकात आम्ही दुबईजवळ अजमानला राहायचो. मी एका मेंटेनन्स कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायचे. एका नगरपालिकेच्या गटारांचं काम आमच्याकडे होतं. तिथे प्रत्येक अमिरातीची नगरपालिका वेगळी, नियम वेगळे, माणसं वेगळी. जिथे दोन अमिराती भिडतात तिथे एक गल्ली यांची, तर पुढची त्यांची. जागा आपल्या हद्दीत नसेल तर पलीकडचा नंबर द्यायचा — खलास. किती सोयीचं, नाही?

त्या गुरुवारी ऑफिस सुटत आलं होतं. मीना बाजारला जायचं म्हणून मैत्रीण खाली गाडी घेऊन थांबली होती. तेवढ्यात फोन वाजला.

"बेटी, हमारी गली में गटर का ढक्कन टूट गया है. मेरे मियां को शाम को कम दिखता है."

हमीदाखाला. आमच्या रत्नागिरीची. मला कावीळ झाली तेव्हा माझं पथ्याचं जेवण रोज तिच्या घरून यायचं. ऑफिसातला माझा आवाज तिनं ओळखला नाही. मी मात्र तिचा पहिल्या शब्दालाच ओळखला. आणि गल्ली? नकाशा बघायचीही गरज नव्हती. ती आमचीच होती.

पण तक्रार घेतली की सुपरवायझर येईपर्यंत थांबावं लागायचं. मी म्हटलं, "ये हमारे एरिया में नहीं आता." आणि पलीकडचा नंबर दिला.

थोड्या वेळानं तिचा पुन्हा फोन. "वो लोग बोलते हैं, तुम्हारा है."

तेव्हा तरी — तेव्हा तरी सुधारता आलं असतं ना? मी आवाज चढवला. "नहीं मॅडम, उन्हीं का है." फोन ठेवला आणि जिना उतरले.

शुक्रवारी ऑफिसला सुट्टी. त्या संध्याकाळी मगरिबच्या नमाजाला निघालेल्या तिच्या नवऱ्याचा, युसुफखालूंचा पाय त्या भोकात गेला. खुब्याचं हाड मोडलं. शनिवारी ऑफिस उघडताच आमच्याच माणसांनी तिथे नवं झाकण बसवलं.

मी हॉस्पिटलात गेले. सफरचंदं घेऊन. खालानं माझा हात धरला. "तू फोनवर असतीस तर हे झालं नसतं गो. कोण होती ती बाई?"

मी म्हटलं, "मी रजेवर होते, खाला."

एवढ्यावर थांबले असते तरी — पण नाही. मी पलीकडच्या नगरपालिकेला नावं ठेवली. दोन सरकारांच्या मधे गरीब माणूस कसा भरडला जातो, यावर बोलले. खालू पडल्यापडल्या मान हलवत होते. खालानं मला चहा पाजला.

खालू शिंपी होते. त्यानंतर त्यांना मशीनवर बसवेना. दुकान दुसऱ्याला देऊन दोघं गावी परतले. खाला दर ईदला फोन करायची, माझ्या मुलांची नावं घेऊन दुवा द्यायची. मी ऐकून घ्यायचे.

आता दोघंही नाहीत. सांगायला मला कितीतरी वर्षं मिळाली होती. मी सांगितलं नाही.