पाचव्या पुठ्ठ्यामागची चिठ्ठी

मामाची जुनी स्टेशन वॅगन भंगारात जाणार हे कळलं, तेव्हा मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि धामणगाव बढ्याला जाऊन ती मागून आणली. लहानपणी तिच्या मागच्या मोकळ्या जागेत, सरकीच्या पोत्यांवर बसून आम्ही खामगावला यायचो. आता ती गोठ्याशेजारी उभी राहून राहून कोंबड्यांची झाली होती. मेकॅनिकनं इंजिन चालू केलं, बाहेरून दुधी रंग चढला. आतून मात्र बघवत नव्हतं. दारांना आतल्या बाजूनं लावलेले हार्डबोर्डचे पुठ्ठे फुगले होते आणि त्यांवरचं रेग्झिन हात लावला की पापडासारखं मोडायचं.

बाबांनी एक पुठ्ठा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "हे मी करतो," ते म्हणाले. "वहीचा पुठ्ठा काय अन् दाराचा काय. बोर्डावर कापडच तं चढवाचं हाये."

बाबा बाइंडर. व्यापाऱ्यांच्या चोपड्या आणि शाळांची हजेरीपुस्तकं बांधण्यात त्यांचा जन्म गेला. दोन वर्षांपूर्वी उजव्या अंगावरून हलका लकवा गेला, अंगठा काही धरेना, आणि दुकानाचं शटर खाली आलं ते आलंच. तेव्हापासून ते व्हरांड्यात बसून रस्ता बघायचे. त्यांनी आपणहून काम मागितलं याचाच मला इतका आनंद झाला की मी मामाला फोन करून सांगितलं, मावश्यांना सांगितलं, सगळ्या गोतावळ्यात सांगत सुटले.

दुसऱ्या दिवशी अंगणात खळ शिजली. मैद्याची, मोरचूद घातलेली, म्हणजे कीड लागत नाही. मोरचूद विषारी, म्हणून त्या पातेल्याला घरात कुणी शिवायचं नाही हा लहानपणापासूनचा दंडक. जुने पुठ्ठे नव्या बोर्डावर ठेवून त्या मापाचे नवे मी कापून दिले. बाबा डाव्या हातानं रेग्झिन ओढायचे, उजव्या कोपरानं दाबून धरायचे, मग त्यावर पाटा-वरवंटा ठेवून रात्रभर तसंच. चार दारांचे चार आणि मागच्या झाकणाचा एक, असे पाच पुठ्ठे. प्रत्येकाच्या पाठीमागं त्यांनी अंगठ्याएवढी पिवळी चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यावर वाकडीतिकडी सही केली.

ही चिठ्ठी म्हणजे त्यांचा जुना नेम. आपल्या हातचं काम असेल तरच चिठ्ठी. एकदा ते तापानं पडले असताना एका चोपडीची शिलाई दुसऱ्या बाइंडरनं आमच्याच दुकानात बसून केली. नंतर व्यापारी हटून बसला, चिठ्ठी लावा म्हणून. बाबांनी लावली नाही. "शिलाई मायी नाही," एवढंच म्हणाले. गिऱ्हाईक तुटलं ते तुटलं.

पुठ्ठे दारांना बसवले आणि माझं तोंड उतरलं. कोपऱ्यांना चुण्या पडल्या होत्या. पुढच्या डाव्या दारावर रेग्झिन बोटभर कमी पडलं होतं, तिथं बाबांनी पट्टी जोडली होती, तीही तिरपी. पाचव्यापर्यंत त्यांचा हात बसला होता, तो तेवढा बरा होता. पण झाकणाच्या आत कोण बघतं?

आठ दिवसांनी शेगावला मामाच्या नातीचं लग्न होतं. सगळं आजोळ ही गाडी बघणार होतं. माझा स्वभाव मला माहीत आहे. नीटनेटकेपणाच्या नावाखाली मी माणसाच्या जिवावर उठते. वर्गातल्या मुलांच्या वह्यांवरची माझी लाल शाई बघितलेली माणसं हे सांगतील. ब्रेकचं काम आहे असं बाबांना सांगून मी गाडी सीट कव्हरवाल्या चाचांकडे नेली.

चाचांनी पुठ्ठा काढून उलटा केला, बोर्डावर कापड कसं बसलंय ते नखानं पाहिलं. "बाई, ये किसने किया? पकड तो देखो इसकी."

"आहे एक म्हातारा बाइंडर," मी म्हणाले.

एवढं सहज निघालं तोंडातून. 

"पीछे चिठ्ठी है. निकालूँ?" त्यांनी विचारलं. राहू द्या, मागचं कुणाला दिसतं, असं म्हणून मी शाळेत निघून गेले. त्यांनी वरचं रेग्झिन खरवडून त्याच बोर्डांवर फोम घातला आणि सोल्यूशननं नवं रेग्झिन चढवलं. पाचव्याला वेळ उरला नाही.

लग्नाच्या दिवशी बाबा पुढं माझ्या शेजारी बसले. शहराबाहेर पडताना त्यांनी दारावर हात ठेवला. फोम दबला. त्यांनी बोटं कोपऱ्यापर्यंत नेली, पट्टी शोधली आणि हात उचलून मांडीवर घेतला. मी ट्रॅफिकबद्दल काहीबाही बोलत राहिले. 

मंडपाबाहेर मामा गाडीभोवती फिरला, दारं उघडून पाहिली. "भाऊजी, पुठ्ठे तं एक नंबर बसवले तुमी! हात गेला म्हणत होते न?"

 बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "हाव," ते म्हणाले, "बसले बुवा." मग पिशवी काढायला मागं गेले आणि उघड्या झाकणाखाली, पाचव्या पुठ्ठ्यावर हात टेकवून, बराच वेळ उभे राहिले.

चोपडीवर खोटी चिठ्ठी न लावणारा माणूस त्या दिवशी माझ्यासाठी चारचौघांत खोटं बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा दिला तेव्हा त्यांनी विचारलं, "दाराच्या बोर्डाईमागं माया चिठ्ठ्या हायेत अजून?"

"आहेत."

"चार काढून टाक. पाचवी राहू दे."

रागावले असते तर बरं झालं असतं. मी स्क्रू काढले, पुठ्ठे अंगणात पालथे मांडले, ओल्या फडक्यानं चिठ्ठ्या भिजवल्या आणि सुरीनं खरवडायला बसले. बाबा खुर्चीवरून बघत होते. पिवळा कागद सुटेना, सुटला तर निम्माच. डोळ्यांतलं पाणी हातावर पडायला लागलं तेव्हा ते म्हणाले, "जोर नको लावू. बोर्ड खराब होईन."

"बाबा, चुकलं माझं. मी हे सगळं रेग्झिन काढते. तुम्ही परत करा. कसंही होऊ द्या."

त्यांनी उजवा हात मांडीवरून उचलून पाहिला, जणू तो दुसऱ्याचा आहे.

"आता नाही बाई," ते म्हणाले. "तवा वाटलं होतं, जमते म्हून."

खळीचं पातेलं त्यांनी त्याच दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकलं. गाडी मी अजून चालवते. बाबा पुढं बसत नाहीत. मागच्या सीटवर बसतात, झाकणाच्या जवळ.