मुक्काम कुठं, ते कुणाला सांगायचं

सुमनचा एक किस्सा संपला की लगेच दुसरा आठवतो, आणि दर वेळी त्यात मूर्ख ठरलेला माणूस मीच असतो. तरी सांगतो, कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सुमन सिरसाळ्याची, मेंढपाळाची लेक. माजलगावात खताच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही दोघं एक अ‍ॅप चालवतो. मेंढपाळांनी आजचा मुक्काम त्यात टाकायचा, म्हणजे लसीचे डॉक्टर नेमके तिथं पोचतात. यंदा लसीकरण तोंडावर आलं आणि सरकारी खात्यातून फर्मान निघालं: क्लस्टरमध्ये, म्हणजे अ‍ॅप चालवणाऱ्या तीन मशीनमध्ये, सुरक्षा तपासणारा एजंट प्रोग्राम बसवा, माहिती बाहेर देणारे सगळे दरवाजे, म्हणजे एपीआय, तपासा, तोवर अ‍ॅप बंद. सुमनच्या वडिलांची, आप्पांची मेंढरंही लसीविना अडकली.

*

घाईत मी एजंटला क्लस्टरचे सगळे अधिकार देऊन टाकले.

"कावून सर?"

"अगं, राखणदार आहे तो."

"राखणदाराला तिजोरीची किल्ली कोण देतं?"

तिनं त्याला वेगळी नेमस्पेस, म्हणजे स्वतंत्र कप्पा, दिली, फक्त बघायची परवानगी ठेवली, मेमरीलाही मर्यादा घातली. मी चहा मागवला.

*

तीनपैकी दोन मशीनवर एजंट चालू झाला, तिसऱ्यावर पेंडिंग. मी म्हटलं, "दोन बास की."

"आन तिसऱ्यावरचं कोण बघंल?"

दुपारभर शोधलं. त्या मशीनवर नवं काही चढू नये, अशी अट कुणीतरी घालून ठेवली होती. ते कुणीतरी मीच.

*

मग सापडलेल्या एपीआयची यादी आली. मी मोजायला बसलो. सुमनच्या घरी मेंढरं मोजत नाहीत, एकेकावरून नजर फिरवतात. तिनं तशीच नजर फिरवली आणि बोट ठेवलं. "हा आपला न्हाई."

उघडून बघतो तर पासवर्डशिवाय सगळ्या मेंढपाळांचे फोन नंबर आणि मुक्काम मिळत होते. आपलाच होता. टेस्टिंगसाठी मी उघडलेला, बंद करायचा राहिलेला. सुमननं तो बंद केला आणि यादीत त्याच्यापुढं माझं नाव लिहून ठेवलं. तेच लई लागलं.

*

तपासणी पार पडली, अ‍ॅप चालू झालं. सुमननं आप्पांना स्पीकरवर फोन लावला.

"आप्पा, डॉक्टर कडा गावाला निघालेत."

"कड्याला कशाला? मी दिंद्रुडला हाय."

"अ‍ॅपात तर बंद व्हायच्या आधीपासनं कडा लिवलंय तुमी!"

"खरा मुक्काम कुणाला सांगत असतेत का? चोर टपलेलेच असतेत."

"आप्पा, ते अ‍ॅप हाय. माणूस न्हाई."

"अ‍ॅप बंद व्हायच्या आधी एका अनोळखी माणसाचा फोन आलता. म्हणं, कड्याला आलोय, तुमची मेंढरं कुठं दिसंनात."

सुमननं यादीतला तो उघडा राहिलेला एपीआय पुन्हा काढला.

"सुमे, कडा मी फकस्त तुज्या अ‍ॅपालाच सांगितलं व्हतं."