अर्नाळ्याची जर्सी

त्या सकाळी फोनच्या स्क्रीनवर रम्याचं नाव तीनदा उमटलं आणि तीनही वेळा मी फोन उचलला नाही. दाढी करत होतो, हे एक कारण. खरं कारण असं की दोन महिने मी त्याच्याशी बोलत नव्हतो आणि अबोला मोडायची मला काही घाई नव्हती. वाजू दे, म्हटलं. अर्ध्या तासाने आमच्या हॉकी संघाचा गोलकीपर नितीन याचा फोन आला. "बाळू, रम्या गेला रे... हार्ट अटॅक." ते तीन फोन वहिनींनी केले होते, रम्याच्या फोनवरून. चंदनसारमधल्या माझ्या घरापासून फुलपाड्यातली त्यांची बिल्डिंग रिक्षाने दहा मिनिटांवर. पहिला फोन आला तेव्हा तो होता की नव्हता, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. विचारायची छाती होत नाही.

आमचा संघ म्हणजे हौशे-नवशे-गवशे यांचा मेळा. कुणी बँकेत, कुणी शाळेत मास्तर, एकाचं औषधाचं दुकान. सगळे चाळिशी उलटलेले, गुडघ्यांना पट्टे बांधून रविवारी सकाळी मातीच्या मैदानावर घाम गाळणारे. मी कॅप्टन, कारण आरडाओरडा मलाच जमतो. रमाकांत आमचा दुसरा गोलकीपर. दुसरा म्हणजे काय, तर नितीन आजारी पडला तर खेळायचं. आणि नितीनला बारा वर्षांत साधी सर्दीसुद्धा झाली नाही. तरी रम्या प्रत्येक मॅचला यायचा, भर मे महिन्यात पायाला जाड पॅड बांधून बाकावर बसायचा आणि तिथून ओरडत राहायचा, "डावीकडे बघा रे, डावीकडे!" पॅड घरी नेऊन गॅलरीत वाळत घालायचा, शेजारी वासाने नाकं मुरडायचे. आम्ही त्याला चिडवायचो, "रम्या, तू बाकाचा गोलकीपर. बारा वर्षांत बाकात एकही गोल होऊ दिला नाहीस." सगळ्यांत मोठ्याने तोच हसायचा. आता तो विनोद आठवला की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. माझाच होता तो.

लीगमधली शेवटची मॅच अर्नाळ्याला होती, त्यांच्या मैदानावर. नुसती बरोबरी झाली असती तरी आम्ही लीगमध्ये टिकणार होतो; हरलो तर बाहेर. आणि एकदा बाहेर पडलो की या वयात पुन्हा उभं राहणं नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. टेम्पोतून उतरलो तर मैदानाच्या कडेला काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले, आणि त्यांचा कॅप्टन काळजीत. "आमचा कीपर बोटीवर गेलाय, काल यायचा तो अजून नाय आला," तो म्हणाला. "मासळी लागली की उशीर होतोच. तुमच्याकडं दोन हायत ना? एक द्या की आजच्या दिवसाला." माझ्या मनात लाडू फुटले. हौशी लीगमध्ये असा माणूस उसना देतात, त्यात गैर काही नाही. रम्या माझ्याकडे आला. "जाऊ का बाळू?" मी त्याला डोळा मारला. "जा की. फक्त कुठल्या गावचा आहेस ते विसरू नकोस." तो पॅडचे पट्टे आवळत होता. मान वर न करता म्हणाला, "उभा राहिलो तर नीट उभा राहीन हं." मी हसलो. मला वाटलं, तोही डोळाच मारतोय.

त्यांची निळी जर्सी घालून तो गोलात गेला. काठीने आधी डावा खांब ठोकला, मग उजवा. दहा मिनिटांत त्या पोरांची नावं त्याला पाठ झाली होती आणि आयुष्यभर बाकावरून दिलेली ओरड आता त्यांच्या बचावफळीला मिळत होती. आमचे फटके तो पायाने, छातीने, एकदा तर चक्क आडवा पडून अडवत होता. पूर्वार्धात त्यांनी शॉर्ट कॉर्नरवर एक गोल केला आणि आमच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटची दोन मिनिटं उरली असताना आम्हाला पेनल्टी स्ट्रोक मिळाला. मारायला मी. बारा वर्षं प्रत्येक सरावाच्या शेवटी मी रम्यावर दहा-दहा स्ट्रोक मारले होते. माझा चेंडू त्याच्या उजव्या हाताला, खाली जातो, हे माझ्या बायकोपेक्षा त्याला जास्त माहीत. म्हणूनच मी निर्धास्त होतो. तो दुसरीकडे उडी मारेल आणि काम होईल, अशी माझी खात्री. मी नेहमीच्याच कोपऱ्यात मारला. रम्या नेहमीच्याच कोपऱ्यात आला. चेंडू त्याच्या काठीवर आदळून बाहेर गेला आणि अर्नाळ्याच्या पोरांनी त्याला उचलून घेतलं.

नंतर जे झालं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. त्यांनी भाकरी आणि कालवण करून ठेवलं होतं. "जेवन केल्याबिगर जायचा नाय," त्यांचा कॅप्टन हात धरून सांगत होता. मी हात सोडवला. रम्या हेल्मेट काढून माझ्याकडे येत होता, घामाने निथळत, तोंडभर हसत... शाळेतलं पोर बक्षीस घेऊन घरी येतं तसा. मी त्याच्याकडे पाठ केली आणि ड्रायव्हरला टेम्पो काढायला सांगितलं. त्याला तिथेच सोडून आम्ही निघालो. तो बसने एकटा आला, पॅड खांद्यावर टाकून. आठवड्याने त्याचा मेसेज आला, "जर्सी परत द्यायची आहे. रविवारी येतोस का अर्नाळ्याला?" मी वाचला आणि उत्तर दिलं नाही. पुढच्या रविवारी तोच मेसेज. त्याच्या पुढच्याही.

तेरावं झाल्यावर वहिनींनी बोलावलं. गॅलरीत पॅड तसेच उभे होते. त्यांनी एक पिशवी पुढे केली. आत ती निळी जर्सी, धुऊन, इस्त्री करून ठेवलेली. "तुम्ही दोघं मिळून जाणार होतात ना? हे म्हणायचे, बाळूला वेळ झाला की जाऊ." मग त्या म्हणाल्या, "भाऊजी, त्या दिवशी हे खेळले कसे हो? मी विचारलं तर म्हणाले, बाळूला विचार. तो चांगलं म्हणाला तरच चांगलं." मी सांगायला लागलो. पायाने अडवलेले, छातीने अडवलेले, आडवं पडून अडवलेला, सगळे सांगितले. माझा स्ट्रोकही सांगितला. म्हटलं, वहिनी, इतक्या वर्षांत असा गोलकीपर मी पाहिला नाही. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "हे त्यांना सांगितलं होतंत?"

मी नाही म्हणालो.

संघ आता राहिलेला नाही. नितीनने काठी माळ्यावर टाकली. जर्सी माझ्या कपाटात आहे. अर्नाळा काही लांब नाही, बस थेट जाते. पण ती परत दिली की त्याने मला सांगितलेलं शेवटचं कामही संपेल... रविवार उजाडला की मी पिशवी घेऊन दारापर्यंत जातो, चपला घालतो, फोन काढून त्याचा मेसेज वाचतो. "रविवारी येतोस का?" मग चपला काढतो आणि पिशवी पुन्हा कपाटात ठेवतो.